इंटरव्हलनंतरचा सिनेमा

नागपूरला निघायच्या आदल्या दिवशी बाकीच्या बायका दशम्या करतात, मी सिनेमे डाउनलोड करायची. दशम्याही करायचीच, त्यातून सुटका नव्हती. फोन दर वेळी जागा नाही म्हणून रडायचा. मग मी माझे फोटो उडवायची, मैत्रिणींबरोबरचे, ऑफिसच्या सहलीचे, आणि त्या जागेत बाबांचे सिनेमे कोंबायची. घरातही माझं याहून वेगळं काही चाललं नव्हतं.

आई गेल्यापासून जबलपूरच्या कांचघर वस्तीतल्या घरात आम्ही दोघंच. बाबा कारखान्यातून निवृत्त झालेले, मी केंद्र सरकारच्या ऑफिसात. बाबांच्या हृदयाचे डॉक्टर नागपूरचे. जबलपुरात काय डॉक्टर नाहीत? आहेत, पण आत्या नागपूरला, आणि आत्याच्या मते इकडचे डॉक्टर म्हणजे नुसता टाइमपास. तेव्हा दर दोन-तीन महिन्यांनी नैनपूर-बालाघाटवरून जाणारी गाडी, बाबा, मी आणि फोन.

इयरफोन एकच. कानात नुसते मणी घालायचे ते बाबांना चालत नाहीत, ‘गळून जातात, वायरवाला आण.’ यंत्रांच्या आवाजानं त्यांचा डावा कान कधीचा कामातून गेलेला, म्हणून एक टोक त्यांच्या उजव्या कानात, दुसरं माझ्या डाव्या कानात, आणि मी कायमची त्यांच्या उजवीकडे. वायर आखूड. खाली वाकून चप्पल शोधायची तर आधी सिनेमा थांबवा. बाबांना डुलकी लागली की मी मान तिरकी करून तशीच बसलेली, कारण वायर ओढली की ते जागे होणार आणि म्हणणार, ‘काय झालं पुढे?’ ही मान नंतर दोन दिवस दुखायची.

आणि सिनेमा पूर्णच पाहायचा. हा त्यांचा हट्ट कारखान्याच्या वसाहतीतला. तिथल्या मैदानावर पडदा लावून सिनेमा दाखवायचे, पण इंटरव्हलच्या सुमारास भोंगा व्हायचा आणि रात्रपाळीवाले उठून जायचे. उरलेला अर्धा त्यांना दुसऱ्या दिवशी गेटजवळच्या चहाच्या टपरीवर ऐकायला मिळायचा. ज्यानं पूर्ण पाहिला असेल तो सांगणार, गाण्यांसकट, आणि बाकीचे चहा फुंकत ऐकणार. नियम एकच, जसा आहे तसा सांगायचा, पदरचं घालायचं नाही. बाबांनी तरुणपणीचे कितीतरी सिनेमे असे अर्धे डोळ्यांनी आणि अर्धे कानांनी पाहिलेत. त्यामुळे आता एकही अर्धा सोडायचा नाही.

त्या खेपेला निघायच्या आधी साहेबांनी मला बोलावलं. बढती होती, पुण्याला. मागे एकदा आली तेव्हा मी बाबांना न विचारताच नाही म्हटलं होतं, आणि सगळ्यांनी मला गुणाची पोर ठरवलं होतं. गुणाची पोर होऊन पोट भरत नाही, हे कुणी सांगत नाही. साहेब म्हणाले, ‘देखिए, तीसरी बार कोई नहीं पूछेगा. ’ सोमवारी हो की नाही सांगायचं होतं. मला जायचं होतं. इतकं जायचं होतं की रागच यायचा, बाबांच्या गोळ्यांचा, त्यांच्या खोकल्याचा, त्या वायरचा. आणि राग आला की लगेच स्वतःची लाज वाटायची. इकडे आड तिकडे विहीर. बाबांसमोर मी मूग गिळून बसले.

जाताना गोंदिया गेल्यावर बाबांनी फोनमधला एक सिनेमा स्वतः निवडला. ‘हा लाव. बापलेकीचा दिसून राहिला.’ मी तो आधी एकटीनं शेवटपर्यंत पाहिला होता, आणि चिडले होते. घाटातलं चहाचं हॉटेल, म्हातारा बाप, आई नसलेली मुलगी. तिला शहरात नोकरी लागते. ती बॅग भरते, बसमध्ये बसते, बस सुटते, आणि पहिल्याच वळणावर ती बस थांबवून धावत बापाकडे परत येते. गाणं, अश्रू, समाप्त. अरे, पण त्या पोरीला कुणी विचारलं का? असो. तिला नोकरीचा फोन आला तिथवर आमचा सिनेमा पोचला आणि नागपूर आलं.

डॉक्टरांनी आणखी तपासण्या सांगितल्या, म्हणून आत्याकडचा मुक्काम लांबला. मी म्हटलं, ‘बाबा, उरलेला इथंच पाहून घेऊ.’ तर म्हणाले, ‘नाही, गाडीतला गाडीत.’

रविवारी परत निघालो. बालाघाट सोडल्यावर बाबांनी डबा आवरला, हात पुसले, कान पुढे केला. मी फोन काढला, वायर लावली, सिनेमावर बोट ठेवलं. तो उघडेना. मुदत संपली, इंटरनेट जोडा, असं लिहून आलं. एकदा सुरू केलेला सिनेमा दोन दिवसांत संपवावा लागतो, हा त्या ॲपचा नियम मला ठाऊकच नव्हता. आणि नेटवर्क कुठलं? दोन्ही बाजूंना सागाचं जंगल. त्यात गाडीही थांबली. लाईन एकेरी, समोरून येणाऱ्या गाडीला आधी सोडणार. पंखे गरम हवा फिरवत होते.

‘दुसरा लावू?’

‘अर्धा सोडून?’ बाबा म्हणाले. ‘तू पाहिला आहे ना हा? मग सांग. आम्ही तर असेच पाहायचो.’

इयरफोन अजून आमच्या कानात होते, आवाज नसलेले. मी सांगायला लागले. मुलगी बापाला सांगत नाही, पीठ मळता मळता दहा वेळा तोंड उघडते आणि मिटते, इथवर मी जसं आहे तसं सांगितलं. बाप गुडघ्याला तेल लावत म्हणतो, तू आहेस म्हणून चाललंय माझं, तेही सांगितलं. मग ती बसमध्ये बसली. वळण आलं. बाबा माझ्याकडे बघत होते, आणि मी खिडकीतून सागाच्या पानांकडे.

‘मग?’

‘मग काय. बस गेली.’

‘ती उतरत नाही?’

‘नाही.’

‘आणि बाप?’

‘बाप हॉटेल उघडतो. रोजच्यासारखं.’

बाबांनी कानातलं टोक काढून माझ्या मांडीवर ठेवलं. माझ्या छातीत इतकं धडधडत होतं की हृदयाची तपासणी खरं तर माझी करायला हवी होती. वाटलं, आता विचारतील. ते बाटलीतलं पाणी प्यायले आणि म्हणाले, ‘गाडी काहून सोडून नाही राहिले?’ समोरची गाडी धडधडत गेली, मग आमची हलली. जबलपूर येईपर्यंत ते डोळे मिटून बसले. झोपले नव्हते. बाबा झोपले की त्यांचं तोंड उघडं पडतं, ते मिटलेलं होतं.

सोमवारी सकाळी मी आंघोळ करून आले तर बाबा पुढच्या खोलीत माझा फोन घेऊन बसलेले. घरचं वायफाय लागलं होतं आणि सिनेमा चालू होता. शेवटचं गाणं मला स्वयंपाकघरात ऐकू आलं. माझ्या हातून पोहे करपले. मी तसेच ताटलीत घातले, नेऊन ठेवले आणि ऑफिसची पिशवी भरत बसले. भरायला काही नव्हतं, डबा तर कधीच भरून झाला होता.

‘पोरगी उतरते बसमधून,’ बाबा म्हणाले.

‘हो.’

‘तू नाही उतरवली.’

मी पिशवीची चेन लावली, परत उघडली.

‘मला गाडीतच समजलं होतं. बस सुटते म्हणजे गाणं असतंच. तू गाणं सांगितलंच नाही. पदरचं घालणारा गाणं विसरतो, टपरीवर आम्ही अशांना पकडायचो.’ त्यांनी एक घास खाल्ला. करपले आहेत असं म्हणाले नाहीत. ‘कुठे आहे बदली?’

‘पुण्याला.’

‘काहून नाही सांगितलं?’

‘तुम्ही नाही म्हणाला असता.’

‘म्हटलं असतं,’ बाबा म्हणाले. ‘आताही तेच तोंडात येऊन राहिलं.’

ते पोहे चिवडत राहिले. मला वाटलं, झालं, संपलं, आता मी साहेबांना नाही म्हणणार आणि इथेच म्हातारी होणार. रडू येत होतं, आणि त्यांच्यासमोर रडायचं नव्हतं.

‘ती परत येते, तिथे गाणं लावून संपवून टाकला त्यांनी,’ ते म्हणाले. ‘दुसऱ्या दिवशी सकाळी ती बापाशी कशी बोलते, ते दाखवायला पाहिजे होतं. चिडचिड करून राहिली असती.’ मग माझ्याकडे न बघता, ‘सांगून दे साहेबांना, येते म्हणून. नागपूरला मी एकटा जाईन. मला काय धाड भरली? माझ्या फोनात सिनेमे भरून दे तेवढे.’

मी त्यांचा फोन घेतला. त्यात ते ॲप टाकलं आणि पहिला सिनेमा उतरवायला लावला.

‘ते दोन दिवसांचं समजलं मला,’ बाबा म्हणाले. ‘पण सुरूच नाही केला तर किती टिकतो?’

‘महिनाभर.’

‘अच्छा. मग महिन्या-महिन्याला येऊन भरून देत जा.’

घरच्या वायफायवर एक बटण दाबलं की तो महिना पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. त्यासाठी पुण्याहून कुणाला यावं लागत नाही. मी हो म्हटलं.