घरात कोणी पुरुष आहे का?

आत्ताच घडलंय, म्हणून लिहितेय.

आज एम.ए.च्या वर्गावर शिकवत होते की, युद्धाचे निर्णय होतात तिथे गरीब देशांतल्या बायकांना कुणी विचारत नाही. तेवढ्यात वर्गातल्याच, पूर्णगडच्या सलमाचा फोन वाजला. तिचा नवरा आखातात जहाजावर खलाशी आहे. चार दिवस त्याचा फोन नाही.

"मॅडम, इंग्रजीत बोलतायत. तुम्ही घ्या ना."

जहाज कंपनीचा माणूस होता. घरात कोणी पुरुष आहे का, त्यालाच सांगू, म्हणाला.

आणि मी सलमाकडून सासऱ्यांचा नंबर घेऊन निमूट देऊन टाकला!

सासरे मासेमारीला गेलेत, त्यांचा फोन लागत नाही. सलमा माझ्यासमोर बसलीय.

"बायको इथेच आहे, तिला सांगा," एवढं माझ्या तोंडून का नाही निघालं?