सुभेदारांची रांग

ऑफिसात शिरण्याआधी सुभेदार दाराबाहेरच्या आमच्या सगळ्यांच्या चपला लहान-मोठ्या मापाने ओळीत लावत. “ज्याला त्याला जागा पायजे गड्या,” म्हणत आणि मगच आत येत.

तासगावला बेदाण्याच्या गोदामावर आमचं चार टेबलांचं ऑफिस. बेदाणा सुकवायच्या शेडमधलं तापमान नोंदवणारे प्रोग्राम आम्ही लिहितो. ते फौजेतून निवृत्त झालेले सुभेदार, कुंडलचे. नोकरीत असतानाच संगणक शिकले आणि पन्नाशीनंतर आमच्यात आले. आमच्यातल्या कुणापेक्षाही नेटकं लिहायचे, हे मान्य करताना मला अजूनही थोडा त्रास होतो.

एकदा तापमानाची यादी चढत्या क्रमाने लावली, तर मधूनच उलटीपालटी. एक सेन्सर बंद पडला होता. अशी नोंद संगणक ‘संख्या नाही’ म्हणून ठेवतो. तिला विचारा, तू पाचापेक्षा मोठी का? नाही. लहान? नाही. निदान तू तुझ्याएवढी तरी आहेस का? तरी नाहीच! सगळ्याला नकार, मग रांग लागणार कशी? मी म्हटलं, काढून टाकू.

सुभेदार तापले. “आजारी जवान हजेरीतनं काढत्यात व्हय? त्यो कुठं उभा राहनार, त्ये ठरवा.”

आम्ही वापरतो ती प्रोग्रामिंगची भाषा देशोदेशीचे हौशी लोक मिळून सांभाळतात. तिच्या मूळ लायब्ररीतच, म्हणजे सगळे वापरतात त्या तयार फंक्शनांच्या साठ्यातच, ही तुलना दुरुस्त करायची, असं सुभेदारांनी मनावर घेतलं. संगणकात शून्यंही दोन असतात, एक उणे आणि एक अधिक. सुभेदारांनी उणे शून्य पुढे, अधिक शून्य मागे आणि ‘संख्या नाही’ सगळ्यांत शेवटी, असा फौजी हुकूम लिहून पाठवला. तो तीनदा परत आला. सुभेदारांनी लहान-मोठं-सारखं ठरवणारी रोजची तुलनाच बदलली होती आणि दोन्ही शून्यं सारखी धरणारे जुने प्रोग्राम त्यामुळे बिघडत होते.

सुभेदार खट्टू झाले. दाराबाहेर चपला पडल्या तशाच पडून राहू लागल्या. “आपलं वय झालं रं,” एकदा म्हणाले, “ह्ये आता तुमा पोरांचं काम.” मला फार वाईट वाटलं. ते नोकरी सोडणार, असंच आम्ही धरून चाललो.

एका रविवारी मी त्यांच्याकडे जेवायला होतो. त्यांच्या जुळ्या नाती हात धुवायला रांगेत उभ्या होत्या आणि पुढे कोण यावरून भांडत होत्या. आजोबा निवाडा करता करता घामाघूम.

“आवं, लाइनीत एक फुडं, एक मागं ऱ्हाऊ द्या की,” सुभेदारीणकाकू भाकरी वाढत म्हणाल्या. “ताटावर दोघी सारख्याच.”

सुभेदार घास हातात धरून थांबले. मग तसेच उष्ट्या हाताने वही शोधायला उठले.

रोजची तुलना त्यांनी होती तशी ठेवली, तिथं दोन्ही शून्यं सारखीच. रांग लावण्यापुरतं वेगळं फंक्शन लिहिलं. चौथ्या वेळी ते लायब्ररीत घेतलं गेलं.

आता ते नातींपाशी सांगलीला असतात, ऑफिसात येत नाहीत. मला मात्र ते आठवतात फंक्शन घेतलं गेलं त्या दिवशीचे. काकूंना जिना चढवून वर आणलं, स्वतःच्या खुर्चीत बसवलं आणि स्क्रीन दाखवला.

“ह्यात तुमचं नाव कुठं हाय?”

“नाव नसतंय त्यात.”

“मग वाचून तरी दावा.”

सुभेदारांनी स्क्रीनवर बोट ठेवलं आणि फंक्शनच्या अकराच्या अकरा ओळी सावकाश मराठीत वाचल्या. काकू पदर सावरून ऐकत होत्या. वाचून झाल्यावर म्हणाल्या, “परत एकदा वाचा की.”