गाडीला हात लावू नका

बंद पडलेली गाडी दिसली की हातातलं काम टाकून धक्का मारायला धावतील, अशी आमच्या कर्जतकडची माणसं. एरवी मला त्यांचं कौतुकच वाटतं. पण त्या उन्हाळ्यात याच चांगुलपणानं माझा जीव मेटाकुटीला आणला होता.

आमची जुनी चारचाकी मी गॅरेजात पार सोलून काढली होती. मागची सीट, जड पत्रे, सगळं उतरवलं आणि मूळ इंजिनाच्या जागी भंगारातल्या एका मोटरसायकलचं बसवलं. कमीत कमी पेट्रोलमध्ये जास्तीत जास्त अंतर कापायच्या स्पर्धेत तिला उतरवायचं होतं. चालवणार बायको, कारण माझा पाय ॲक्सिलरेटरवर पडला की उठत नाही. तिनं मात्र अट घातली होती. टाकीऐवजी लावलेल्या अर्ध्या लिटर पेट्रोलच्या बाटलीवर गाडी घरापासून फाट्याच्या पाटीपर्यंत गेली तरच स्पर्धेला जायचं, नाहीतर सीट परत बसवायची आणि विषय बंद. या गाडीपायी मी दोन वर्षं धड सणवार केले नव्हते.

पेट्रोल वाचवायची युक्ती साधी होती. थोडा वेग घ्यायचा, इंजिन बंद करायचं आणि गाडी जाईल तितकी जाऊ द्यायची. मी मोटरसायकलवर मागे असायचो. फाट्याजवळ गाडी अशी आवाज न करता मंदावली की चहाच्या टपरीवाल्या मावशी हाक द्यायच्या आणि गिऱ्हाइकं कप ठेवून ढकलायला धावायची. झाली चाचणी वाया. तिसऱ्यांदा तेच झालं तेव्हा माझं डोकं फिरलं आणि भर रस्त्यात मी सगळ्यांवर खेकसलो.

मावशीही तापल्या. "बाईमानूस गाडीत अडकलंय, आन आमी नुसतं बघत बसायचं व्हय?"

बायको खाली उतरली, सगळ्यांना चहा सांगितला आणि एकेकाला आत वाकून बाटली बघायला लावली. पाटीपर्यंत गाडी आपल्या आपण आली तरच आम्हाला स्पर्धेला जाता येईल, असं तिनं समजावलं.

शेवटच्या चाचणीला बाटली टपरीच्या अलीकडेच संपली. गाडी उरल्यासुरल्या वेगावर पुढे निघाली. टपरीसमोर माणसं ओळीनं उभी होती, हात पाठीमागे बांधून. मावशींनी पदर दोन्ही मुठींत घट्ट धरला होता. गाडी माणसाच्या चालीवर आली. एकजण नकळत पुढे सरकला, तशी शेजाऱ्यानं त्याची बाही ओढली. मला त्या माणसांबद्दल एकदम माया दाटून आली. पुढचं चाक पाटीशी आलं, हातभर पुढे गेलं आणि थांबलं.

कुणी जागचं हललं नाही. सगळे माझ्याकडे बघत होते. शेवटी मावशींनीच विचारलं, "आता लावू का हात?"

"लावा मावशी," मी म्हणालो. "आता पार पंपापर्यंत ढकला."