आज वर किती?

हवामान केंद्राच्या तापमापकाखाली मी शेकोटी पेटवली. पदवीपर्यंतचं शिक्षण, जन्मभराची सरकारी नोकरी, डोक्यावरचे पांढरे केस... यातलं काहीही त्या डिसेंबरच्या दुपारी मला आडवं आलं नाही. मधूला जाऊन महिना उलटला, त्याच्याबद्दल लिहायला बसलो, तर त्याच्याआधी माझाच हा पराक्रम कागदावर येऊन बसला. मधूला त्याचं नवल वाटलं नसतं. "तू माझ्या मयतालासुद्धा स्वतःचीच गोष्ट सांगशील," असं तो म्हणायचाच. शोकसभेत बोलायला उभा राहिलो तेव्हा मी नेमकं तेच केलं. लोक हसलेसुद्धा.

मधू रत्नागिरीजवळच्या पावस गावचा. वडलांनी लावलेली हापूसची कलमं आणि ती कधी कुणाला कराराने द्यायची नाहीत हा हट्ट, एवढी त्याची इस्टेट. "कराराने दिलेली बाग म्हणजे सवतीच्या हाती दिलेलं पोर," म्हणायचा. थंडी वेळेवर पडली तर कलम मोहोरतं, नाहीतर नुसती पालवी फुटते, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण मधूने थंडीवर पाळतच ठेवली होती. घाटमाथ्यावरच्या एका डोंगरावर आपोआप चालणारं हवामान केंद्र आहे, त्याचे आकडे मोबाइलवर दिसतात. रोज सकाळी तो ते बघायचा आणि मला रत्नागिरीला फोन लावायचा. मी 'हॅलो' म्हणत नसे. "आज वर किती?" एवढंच विचारायचो. "चौदा. उतरेल दोन-तीन दिवसांत खाली," तो सांगायचा. जणू थंडी एसटीने निघाली होती आणि हा तिला उतरवून घ्यायला स्टॅंडवर उभा होता.

यंदा ती गाडी काही येईना. डिसेंबर अर्धा सरला तरी रात्री पंखा लागत होता आणि कलमांवर पालवी लवलवत होती. एका सकाळी आकडा सांगून झाल्यावरही मधूने फोन ठेवला नाही. म्हणाला, "गजा, रोज ज्याच्या शब्दावर चालतो, त्याचं एकदा तोंड तरी बघून येऊ."

गाडी माझी होती. मी अर्ध्या बाह्यांचा शर्ट आणि चपला घालून निघालो, कारण रत्नागिरीत जन्म काढलेल्या माणसाच्या कपाटात स्वेटर नसतो. शिवाय थर्मासमध्ये गारेगार कोकम सरबत भरून घेतलं होतं. मधू मफलर गुंडाळून, वर वहिनींची शाल घेऊन आला होता. मला बघून म्हणाला, "बर्फाचा गोळा राहिला का घरी?" घाट चढलो, कच्चा रस्ता संपला तिथे गाडी लावली, पुढे पायवाट. मधू दर वळणावर थांबायचा. "दरी बघतो जरा," म्हणायचा. मी म्हटलं, "दरी काय पळून जाते? म्हातारा झालास, कबूल कर." तो हसला. एक हात छातीवर ठेवून माणूस दरी कशी बघतो, हे माझ्या डोळ्यांसमोर चाललं होतं... आणि मी पुढचा विनोद शोधत होतो.

वर एखादं ऑफिस असेल, कानटोपीतला एखादा साहेब असेल, तो चहा पाजेल, अशी माझी कल्पना. तिथे होतं तारेचं कुंपण, त्यात एक खांब, एक सोलरची पाटी आणि इडलीपात्रासारख्या एकावर एक पांढऱ्या थाळ्या. तापमापक त्या थाळ्यांच्या आत. माणूस एकही नाही. मधूने चपला काढल्या. कुंपणाची तार धरून कितीतरी वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "एवढंसंच आहे रे हे." वारा सुरीसारखा चालला होता, माझे दात वाजत होते. मग तो एका दगडावर टेकला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "गजा, तुला एक विचारायचं होतं..."

"आधी हात शेकू दे," मी म्हटलं, "मग काय ते विचार."

कुंपणाला लागून आडोसा बघितला, सुकं गवत आणि काटक्या गोळा केल्या आणि पेटवल्या. वाऱ्याने जाळ वाकला तो थेट त्या थाळ्यांच्या खाली. "शिंच्या!" मधू उठलाच. "त्याच्या बुडाखाली जाळ करतोस? आता खाली आकडा काय जाईल?" माझा थर्मास हिसकावून त्याने सगळं सरबत शेकोटीवर ओतलं. त्या दिवशी ते तेवढ्याच कामाला आलं. मग तो दगडावर बसला, बराच वेळ नुसता धापा टाकत. उतरताना मी विचारलं, "काय विचारणार होतास?"

"काय नाय रे. विसरलो."

संध्याकाळी पावसहून फोन, हसून हसून बेजार. मोबाइलवरच्या तापमानाच्या रेघेला दुपारी एक सुळका आला होता. "डोंगरावर तुझा आणखी एक डोंगर उठलाय बघ!" तो सुळका त्याने अख्ख्या पावसला दाखवला.

जानेवारीतल्या एका सकाळी नेहमीच्या वेळी त्याचा फोन आला. मी उचलून म्हटलं, "आज वर किती?" पलीकडून वहिनींचा आवाज आला, "भाऊजी... हे गेले."

त्याच आठवड्यात थंडी उतरली. चांगली कडाक्याची. कलमं अशी मोहोरली की पान दिसेना. लोक म्हणतात, मधूचा आशीर्वाद. मला त्या मोहोराचा राग येतो.

गेल्या आठवड्यात पावसला गेलो. बागेत करारदाराची माणसं नळ्या ओढत फवारणी करत होती. मधूच्या बेड्यापाशी, आवाराच्या फाटकातच, त्यांतल्या एकाने मला हटकलं, "कोण पाहिजे?" वहिनी पडवीत होत्या, शेजारी मधूचा मोबाइल. मुलगा मस्कतला, तो शिमग्यालासुद्धा येणार नाही. त्यांना एकटीला बाग झेपत नव्हती, म्हणून दिली. सकाळी आकडा मात्र अजून बघतात. सांगायला कुणी नाही.

"दिवाळीतच डॉक्टरांनी सांगितलं होतं, हृदय थकलंय म्हणून," त्या म्हणाल्या. "कुणाला बोलू दिलं नाही मला. त्या दिवशी वर तुम्हाला सांगणार होते. माझ्यामागे बागेकडे बघशील का, असं विचारणार होते. ठरवून निघाले होते घरून. आल्यावर मी म्हटलं, विचारलंत का? तर आपले हसत बसले तुमच्या शेकोटीला."

सुचलं ते बोललो, "वहिनी, यंदाचं झालं. पुढच्या वर्षी करार नको. मी रोज येतो, मी बघतो बाग."

त्यांनी मोबाइल पुसला, पालथा ठेवला.

"नको, भाऊजी. नाही विचारलं तेच बरं झालं. तुम्ही मोहोराखाली शेकोटी पेटवली असतीत."