धाकटीचे अकरा घाटे

हरभऱ्याच्या संशोधन केंद्रावर थोरली अठरा वर्षं संकराचं काम करत होती. केंद्र उभं राहिलं तेव्हा तिथे नुसता माळ होता. दगड वेचायला म्हणून आली ती तिथलीच झाली. कोवळी कळी चिमट्याने उघडायची, आतले पुंकेसर काढायचे, दुसऱ्या वाणाचे पराग लावायचे आणि देठाला दोरा बांधायचा. शंभर कळ्यांतल्या तिच्या तीस धरायच्या. तेवढ्या कुणाच्याच धरत नसत.

मग तिनेच शब्द टाकून धाकट्या जावेला कामावर घेतलं, शेजारी बसवून शिकवलं. दुसऱ्याच हंगामात शेडमधल्या फळ्यावर धाकटीपुढे एक्कावन्नचा आकडा लागला.

"हिच्या हाताला गुण आहे," शास्त्रज्ञ सहज बोलून गेले. थोरलीच्या मनात ते कुसळासारखं रुतलं. घरी धाकटीने घासलेली भांडी ती पुन्हा घासू लागली. नवऱ्याने विचारलं, तर म्हणाली, खरकटं राहतं.

पुढच्या हंगामात एक अवघड जोडी आली. मर रोगाला दाद न देणारा रानटी हरभरा मिळवायला शास्त्रज्ञांची सहा वर्षं गेली होती. त्याचा नेहमीच्या वाणाशी संकर करायचा होता. काम धाकटीला दिलं. मोठ्या मुश्किलीने अकरा घाटे धरले.

एका दुपारी सगळे जेवायला बसलेले असताना थोरली त्या ओळीत शिरली आणि अकराही घाटे खुडून गवतात फेकून आली.

धाकटीला कुणी बोल लावला नाही. घाटे आपोआप गळाले, ही जोडीच जमत नाही, असं म्हणून शास्त्रज्ञांनी तो संकर बंद करायचं ठरवलं. दोन दिवस थोरली त्या ओळीजवळून जायचं टाळत राहिली. तिसऱ्या दिवशी ऑफिसात जाऊन तिने सगळं सांगून टाकलं. फुलोरा अजून संपला नव्हता. काम पुन्हा सुरू झालं. थोरलीची रवानगी बियाणं निवडायच्या खोलीत झाली.

त्या संध्याकाळी घरी जाताना धाकटी म्हणाली, "मला ठाऊक होतं, जाऊबाई. देठांवर नखाच्या खुणा होत्या."

"मग बोलली का नाहीस?"

"तुमचं काम गेलं असतं."

तिने चार शिव्या घातल्या असत्या तर थोरलीला परवडलं असतं. आता तिच्या चांगुलपणाचाही हेवा करावा लागला.

त्या संकरातून नवा वाण बाहेर पडायला आणखी नऊ वर्षं लागली. समारंभात धाकटीला पहिल्या रांगेत बसवलं. थोरलीने मागे उभं राहून सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवल्या आणि शेजारणीला हळूच म्हणाली, "खुर्चीत नीट बसताही येत नाही हिला."