रोजची पाच वाक्यं

मी लातूरच्या शिकवण्यांत घासून निघालेली. चूक दिसली की हात शिवशिवतो. किनवटकडच्या निवासी शाळेत इंग्रजी शिकवायला लागले, तेव्हा प्रेझेंट परफेक्ट पोरींच्या डोक्यात बसवायचाच, असा विडा उचलला. रोज पाच वाक्यं लिहायची: आज आत्तापर्यंत काय काय झालंय. त्या वह्या मी दुपारच्या सुट्टीत लाल पेनानं झपाझप संपवायची.

दिवाळीनंतर दहावीतल्या एकीची वही वाचताना कसंतरीच व्हायला लागलं. बाकीच्यांची वाक्यं अंघोळीची, पोह्यांची. हिची: मी दोन घागरी पाणी आणलंय. आईनं माझं दप्तर माळ्यावर टाकलंय. वसतिगृहात कुठली घागर आणि कुठला माळा? पण क्रियापदं बरोबर होती, मी पुढची वही ओढली. एकदा तिनं ‘दे हॅव सॉ मी’ लिहिलं. मी ‘सॉ’ खोडून ‘सीन’ केलं आणि खाली ‘छान’ लिहिलं.

एका शनिवारच्या वह्या मी सोमवारवर ढकलल्या. सोमवारी सकाळी उघडल्या तर तिच्या पानावर एकच वाक्य होतं: मला हळद लागलीय.

वर्गात जाऊन तिला उभं राहायला सांगितलं. कुणीच उठलं नाही. तिसऱ्या बाकावर तिची कंपासपेटी, पाण्याची बाटली नीट मांडलेली, आणि मागं जागा रिकामी.

शेजारची पोरगी मान खाली घालून म्हणाली, "ती सुट्टीवरून आलीच न्हाई, मॅडम. रोज सकाळी मावशीच्या फोनवर सांगती, मी तिच्या वहीत लिहून राहिले."

स्वयंपाकघरातल्या मावशींचा फोन. हजेरीलाही ही शेजारचीच दोनदा ‘यस मॅडम’ म्हणायची. नाव कटू नये म्हणून पोरी एकमेकींसाठी असं करतात.

"मला का नाही सांगितलंस?"

"तुमी वाचताव की रोज."

पंधरा दिवस मी त्या बाकाकडे मान वर करून पाहिलं नव्हतं. त्याची लाज अजून जात नाही.

मुख्याध्यापकांना घेऊन त्याच दिवशी भर दुपारी इस्लापूरच्या पुढचं तिचं गाव गाठलं. दाराला कुलूप. अंगणात मांडवाचे खड्डे अजून उघडेच. सगळ्या गल्लीत एक कुत्रंही भुंकेना. शेजारीण भिंतीआडून आमच्याकडे बघत होती.

"काल लागलं लगीन," ती म्हणाली. "लई वाट बघितली पोरीनं. म्हणायची, मॅडमला समदं कळवलंय."