काल सकाळी उठल्यापासून

मावशींनी संशोधन केंद्रात तीस वर्षं एकच काम केलं. घरोघरी भरलेले फॉर्म वाचायचे आणि कामधंदा बघून माणसाला सातांपैकी एका खणात टाकायचं. पहिल्या खणात डॉक्टर-वकील, सहाव्यात मजूर, सातव्यात ‘काम नाही’. त्यावरून समाजाचे वर्ग ठरायचे, जाडजूड अहवाल निघायचे, साहेबांची भाषणं व्हायची. मावशींचं नाव कुठेच नसायचं, आणि त्यांना त्याचं सोयरसुतकही नव्हतं.

निवृत्तीला महिना उरला असताना सातवा खण फुगून बंद होईना. चारशे बारा फॉर्म, जवळजवळ सगळे बायकांचे. उत्तर देणारा नवरा नाहीतर दीर, आणि उत्तर एकच, ‘ती घरीच असते.’

मावशींना हे काही पटेना. पिशवी उचलून त्या पहिल्याच पत्त्यावर गेल्या. दार उघडणाऱ्या बाईच्या बोटांना खळ लागलेली होती.

“तुम्ही काय काम करता?”

“मी? कुठे काय!”

मावशींनी सरळ बैठक मारली. “बरं, काल सकाळी उठल्यापासून काय काय केलं ते सांगा.”

बाई सांगत गेली. पाणी भरलं, डबे केले, सासऱ्यांना आंघोळ घातली. मग छापखान्याची तीनशे पाकिटं चिकटवली, शेजारच्या दोघींना घडी शिकवली, त्यांची बिघडलेली पाकिटं पुन्हा करून दिली.

“अहो, मग हे काम नाही तर काय?”

“ते होय! ते आपलं बसल्या बसल्या.”

मावशी तडक साहेबांकडे गेल्या. साहेब वैतागले. “अहवाल महिनाअखेर जायचाय. जाता जाता कशाला नसती उठाठेव?”

“चारशे बायकांना रिकामटेकड्या ठरवून घरी जाऊ? घास उतरेल का माझ्या घशाखाली?”

साहेब माणूस वाईट नव्हता. “तुमच्या सुट्टीत काय ते करा,” म्हणाला.

साठवलेली सगळी सुट्टी मावशींनी जिने चढण्यात घालवली. प्रत्येक दारात तोच एक प्रश्न. शेवटच्या दिवशी सातव्या खणात एकोणचाळीस फॉर्म उरले आणि साहेबांनी तोंडात बोटं घातली. अशी चिवट माणसं असतात म्हणून शहाण्यांचे अहवाल खरे होतात, असं माझं तर स्पष्ट मत आहे.

वर्षभराने मावशींच्याच दारात फॉर्मवाली आली. मावशी आत भांडी घासत होत्या. काकांनी झोकात सांगितलं, “बायको ना? निवृत्त झाली. आता घरीच असते.”

दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. मावशींचा हात थांबला.

फॉर्मवाली म्हणाली, “काका, इथे छापलंय ते विचारावंच लागतं. काल सकाळी उठल्यापासून त्यांनी काय काय केलं?”

आपला प्रश्न मावशींनी ओळखला आणि त्यांचे डोळे भरून आले.

काकांनी सांगायला सुरुवात केली. सकाळचं सांगून झालं, दुपारचं झालं, मध्ये घोटभर पाणी प्यायले. संध्याकाळपर्यंत पोचले. मग आत वळून त्यांनी हळूच विचारलं,

“अगं, तू बसतेस तरी कधी?”